रिझल्ट लागला, आला की झाला?

मराठीत निकाल लागतो, रिपोर्ट येतो, परिणाम होतो, फळ मिळतं आणि निष्कर्ष निघतो. पाच नामं आणि पाच वेगळी क्रियापदं, आणि आपण त्यांची अदलाबदल कधीच करत नाही. ‘परीक्षेचा परिणाम आला’ असं कोणी म्हणालं, तर बोलणारा हिंदीतून विचार करतोय हे लगेच कळतं. ‘औषधाचा निकाल झाला’ म्हटलं तर अर्थच लागत नाही. इंग्रजीत मात्र या पाचही ठिकाणी कमीअधिक चपखलपणे एकच शब्द बसतो, तो म्हणजे रिझल्ट.

मी संध्याकाळी नोकरदार मंडळींना इंग्रजी शिकवते. कुरिअरचे सुपरवायझर, नर्स, किराणा दुकानदार, सामाजिक संस्थेत काम करणाऱ्या मुली असे विद्यार्थी असतात. रिझल्ट हा शब्द सगळ्यांना आधीपासून ‘येतो’, म्हणून त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. आणि वहीत सर्वांत जास्त लाल खुणा नेमक्या याच शब्दाभोवती पडतात. म्हणून आज फक्त त्याच्यावर लिहिते.

आधी त्याचा जन्म पाहू. लॅटिनमध्ये ‘साल्तारे’ म्हणजे उड्या मारणं आणि ‘रे’ म्हणजे परत. ‘रेझुल्तारे’ म्हणजे उसळी मारून परत येणं. भिंतीवर आपटलेला चेंडू परत येतो तसं. डोंगरावर आपटून परत येणाऱ्या आवाजासाठीही लॅटिनमध्ये हेच क्रियापद वापरत. या उडीची पिल्लं इंग्रजीत जागोजागी भेटतात. कोलांटी म्हणजे समरसॉल्ट, हल्ला म्हणजे असॉल्ट आणि अपमान म्हणजे इन्सल्ट, म्हणजे मुळात अंगावर उडी घेणं. आपणही ‘अंगावर धावून गेला’ म्हणतोच. पडून पुन्हा उसळणाऱ्याचं वर्णन करणारा रेझिलियंट हा शब्दही याच घरातला. इंग्रजीत रिझल्ट आधी क्रियापद म्हणून आला, पंधराव्या शतकात. नाम म्हणून तो सतराव्या शतकात रुळला. आपण फेकतो एक आणि परत उसळून येतं दुसरं, ही कल्पना त्याच्या पोटात अजून आहे. ते परत आलेलं चांगलं की वाईट, याबद्दल शब्द स्वतः काही बोलत नाही.

आता ‘लागणाऱ्या’ रिझल्टकडे येऊ. मराठी शाळेत शिकलेल्यांना १ मे आठवत असेल. झेंडावंदन, मग वर्गात ओळीने नावं आणि हातात प्रगतिपुस्तक. ‘निकाल लागला’ म्हणजे कोणीतरी अधिकाराने तो जाहीर केला. निकाल या शब्दात नेहमीच एक जाहीर करणारा असतो, मग तो मंडळ असो, न्यायाधीश असो की पंच. इंग्रजी रिझल्टला अशा कोणाची गरज नसते, आणि इथेच आपले पहिले घोटाळे होतात.

दहावीच्या बातमीत आपण वाचतो, ‘शाळेचा निकाल शंभर टक्के लागला’. आपल्याकडच्या इंग्रजीत त्याचं ‘हंड्रेड परसेंट रिझल्ट’ होतं आणि आपल्याला ते कळतंही. पण लंडनमधल्या माणसाला हे वाक्य अर्धवट वाटेल. कशाचे शंभर टक्के? तिथे ‘पास रेट’ म्हणावं लागतं. तसंच ‘माय रिझल्ट इज फर्स्ट क्लास’ असं कोणी म्हणत नाही, ‘आय गॉट अ फर्स्ट’ म्हणतात. परीक्षेचे गुण हाती येतात तेव्हा इंग्रजीत हा शब्द बहुतेकदा अनेकवचनी असतो. ‘द रिझल्ट्स आर आउट’. मराठीत तो एकवचनीच राहतो, त्यामुळे शेवटचा ‘स’ आपल्या हातून निसटतो. उच्चाराचंही एक सांगून ठेवते. झ झाडातला, आणि जोर पहिल्या अक्षरावर नाही, ‘झल्ट’वर द्यायचा. नाम असो वा क्रियापद, जोर तिथेच.

न्यायालयाच्या निकालाला तर रिझल्ट अजिबात चालत नाही. न्यायाधीश देतात ते जजमेंट. ज्युरी, म्हणजे खटला ऐकायला बसवलेले सामान्य नागरिक, देतात तो व्हर्डिक्ट. हा फरक मुंबईने फार जवळून पाहिला आहे. १९५९ साली नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘दोषी नाही’ असा व्हर्डिक्ट दिला. न्यायाधीशांना तो पटला नाही. त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे दोषी ठरवणारं जजमेंट आलं आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. मराठी वर्तमानपत्राला दोन्हीकडे ‘निकाल’ लिहून भागतं. इंग्रजीत दोन शब्द लागतात, कारण देणारे दोन वेगळे आहेत.

निवडणुकीचा मात्र रिझल्टच, आणि तोही शब्दशः. मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवर ‘रिझल्ट’ नावाचं बटण असतं. मतदान चालू असताना ते आतल्या झाकणाखाली सीलबंद असतं. मतमोजणीच्या दिवशी प्रतिनिधींसमोर सील तपासून ते दाबलं जातं आणि उमेदवारागणिक मतांचे आकडे पडद्यावर येतात. एक बारकावा इथे पाहण्यासारखा आहे. यंत्र दाखवतं तो रिझल्ट म्हणजे निव्वळ आकडे. ‘अमुक उमेदवार निवडून आला’ हे निवडणूक निर्णय अधिकारी घोषित करतो, तेव्हा आपल्या अर्थाने निकाल लागतो.

खेळाच्या मैदानावर या शब्दाचा आणखी एक पदर दिसतो. कोल्हापूरकडच्या कुस्तीच्या फडात ‘निकाली कुस्ती’ म्हणजे गुणांवर न सोडवता एकजण चीतपट होईपर्यंत चाललेली. क्रिकेटच्या इंग्रजीत रिझल्टचा अर्थ बराचसा असाच आहे. कसोटी अनिर्णित राहिली तर ‘देअर वॉज नो रिझल्ट’ असं बोलतात. म्हणजे घडलं काहीच नाही असं नाही, सोक्षमोक्ष लागला नाही. पण ‘टाय’ झाली तर तो निकाल धरतात, कारण सगळे गडी बाद होऊन धावा समसमान झालेल्या असतात. कसोटीच्या इतिहासात असं दोनदाच झालं, १९६० मध्ये ब्रिस्बेनला आणि १९८६ मध्ये चेन्नईला. एकदिवसीय सामन्यात ‘नो रिझल्ट’ ही तर नियमातली अधिकृत नोंद आहे. पावसामुळे दुसऱ्या संघाला किमान २० षटकंही मिळण्यासारखी नसतील, तर सामना त्या खात्यात जातो. टी-ट्वेंटीत हीच मर्यादा ५ षटकांची आहे.

निकालासाठी माणसं किती ताणू शकतात याचं एक उदाहरण मला सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३९ साली डर्बनला दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड यांच्यात दिवसांची मर्यादा नसलेली कसोटी ठेवली होती, म्हणजे निकाल लागेपर्यंत खेळायचं. ३ मार्चला सुरू झालेला सामना १४ मार्चपर्यंत चालला. जिंकायला ६९६ धावा हव्या असताना इंग्लंडने ५ बाद ६५४ पर्यंत मजल मारली, फक्त ४२ धावा उरल्या. पाऊस आला आणि इंग्लंडच्या संघाला मायदेशी जाणारं जहाज गाठायचं होतं. सामना अनिर्णित सोडला गेला. निकालासाठीच घेतलेल्या सामन्याला निकाल नाही.

ब्रिटनमधल्या फुटबॉलच्या बोलीत हा शब्द आणखी पुढे गेला. ‘वी नीड अ रिझल्ट’ म्हणजे आम्हाला जिंकायला हवं, किंवा समोर फारच तगडा संघ असेल तर निदान बरोबरी तरी हवी. तिथे नुसतं ‘रिझल्ट!’ असं ओरडलं की अर्थ होतो ‘जमलं!’. कचेरीतही ‘शी गेट्स रिझल्ट्स’ म्हणजे ती काम करून दाखवते. मूळचा तटस्थ शब्द इथे यशाच्या बाजूला झुकला. आपला निकाल बोलीत नेमका उलटीकडे झुकतो. ‘पोरांनी अख्ख्या डब्याचा निकाल लावला’, ‘पहिल्याच पावसात रस्त्याचा निकाल लागला’. अशा जागी इंग्रजी रिझल्ट घातला तर ऐकणारा गोंधळून जाईल.

निकाल बाजूला ठेवून परिणामाकडे वळू. संस्कृतमध्ये ‘परि’ आणि ‘नम्’ मिळून होणारा हा शब्द वळण्याचा, बदलण्याचा, पिकण्याचा आहे. सांख्य दर्शनात परिणाम समजावताना दुधाचं दही होण्याचं उदाहरण देतात. आयुर्वेदात अन्न पचण्याच्या वेळी उठणाऱ्या पोटदुखीला परिणामशूल म्हणतात. म्हणजे परिणामात कोणी जाहीर करणारा नाही, वस्तू आपली आतून बदलत जाते. इंग्रजी रिझल्टमधला चेंडू भिंतीवरून परत येतो, आपल्या परिणामातलं दूध भांड्यात राहूनच दही होतं. मला हा फरक फार मोलाचा वाटतो, आणि शिकवताना तो उपयोगीही पडतो.

उपयोग असा. आपलं वाक्य आधी मराठीत म्हणायचं आणि परिणामाच्या शेजारी कोण बसलंय ते बघायचं. शेजारी ‘वर’ असेल, म्हणजे ‘पिकावर परिणाम झाला’, ‘झोपेवर परिणाम झाला’, तर इंग्रजीत इफेक्ट लागतो. ‘रिझल्ट ऑन’ असा प्रयोग इंग्रजीत नाही. शेजारी ‘भोगणे’ असेल, म्हणजे ‘याचे परिणाम भोगावे लागतील’, तर कॉन्सिक्वेन्सेस. हा शब्द मागोमाग येण्याच्या अर्थातून आला आहे, आणि बहुतेकदा जे नको असतं तेच मागोमाग येतं. धमकी देताना ‘यू विल फेस द रिझल्ट’ म्हटलं तर धमकीतली हवाच जाते. आणि ‘परिणामी’ किंवा ‘याचा परिणाम म्हणून’ असेल तर ‘ॲज अ रिझल्ट’ अगदी बिनदिक्कत लिहावं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, रिझल्ट क्रियापद म्हणून येतो तेव्हाची. कुरिअरमधल्या माझ्या एका विद्यार्थ्याने ग्राहकाला पाठवायच्या मेलचा कच्चा मसुदा आणला होता. त्यात होतं, ‘व्हेइकल ब्रेकडाउन वॉज रिझल्टेड इन्टू लेट डिलिव्हरी’. एका ओळीत दोन चुका, आणि दोन्ही इतक्या सर्रास होतात की त्याच्या साहेबांनाही त्या दिसल्या नव्हत्या.

पहिली चूक ‘वॉज’. हे क्रियापद अकर्मक आहे. पाऊस ‘पडवला जात’ नाही, तसं काही ‘रिझल्टेड’ केलं जात नाही. फक्त अमेरिकेतल्या इस्पितळांत आणि लॅबमध्ये ‘द टेस्ट हॅज बीन रिझल्टेड’ असं बोलतात, म्हणजे चाचणीचा आकडा संगणकात नोंदवला गेला. तिकडे काम करणाऱ्या मराठी नर्सना हे ओळखीचं असेल. ती त्या पेशाची बोली आहे, इतर पत्रव्यवहारात ती आणू नये.

दुसरी चूक ‘इन्टू’. ‘टर्न इन्टू’, ‘कन्व्हर्ट इन्टू’ कानात बसलेलं असतं, तेच इथे चिकटतं. पण हे क्रियापद दोनच अव्ययांशी नांदतं, इन आणि फ्रॉम, आणि दोघांच्या दिशा एकमेकांच्या विरुद्ध आहेत. ‘हेवी रेन रिझल्टेड इन अ फ्लड’ म्हणजे कारण आधी, फळ नंतर. ‘द फ्लड रिझल्टेड फ्रॉम हेवी रेन’ म्हणजे फळ आधी, कारण नंतर. अव्यय बदललं की आई लेकरू होते आणि लेकरू आई. ‘द फ्लड रिझल्टेड इन हेवी रेन’ लिहिलं तर पुरातून पाऊस जन्मला असं होईल.

मराठीत ही पंचाईत नसते, कारण आपण कारणालाच खूण करून ठेवतो. ‘पावसामुळे पूर आला’ म्हणा की ‘पूर आला तो पावसामुळे’ म्हणा, ‘मुळे’ कारणाला घट्ट धरून असतं. ‘मुळे’मध्ये ‘मूळ’च आहे, झाडाचं असतं तसं. वाक्य कसंही फिरवा, मूळ कुठे आहे ते दिसतं. म्हणून मी वर्गात सांगते, ज्याला मराठीत ‘मुळे’ लागतं, त्याच्या अलीकडे फ्रॉम. आणि इनसाठी मराठीत आयता साचा आहे, ‘वादाची परिणती मारामारीत झाली’. त्या ‘मारामारीत’मधला ‘त’ म्हणजेच इंग्रजी इन. इन्टूपर्यंत जायची गरजच नाही. शिवाय इनच्या पुढे नाम किंवा नामासारखं रूप यावं लागतं. ‘रिझल्टेड इन दॅट ही लॉस्ट द जॉब’ होत नाही, ‘रिझल्टेड इन हिम लूझिंग द जॉब’ होतं.

त्या मुलाचा मेल आम्ही असा केला: ‘द व्हेइकल ब्रोक डाउन. ॲज अ रिझल्ट, द पार्सल्स रीच्ड अ डे लेट.’ त्याला तो फार साधा वाटला. पण ग्राहकाला काय झालं आणि त्यातून काय झालं हे दोन श्वासांत कळतं. खरं तर ‘ॲज अ रिझल्ट’ऐवजी नुसतं ‘सो’ घातलं तरी चाललं असतं.

शास्त्राच्या पुस्तकात या शब्दाला आणखी कोपरे आहेत. एका खांबाला दोन दोर बांधून दोघांनी दोन दिशांना ओढलं, तर खांब ज्या तिसऱ्या दिशेला झुकतो ती दिशा दाखवणाऱ्या बलाला रिझल्टंट म्हणतात. गणितात ‘अ रिझल्ट ड्यू टू ऑयलर’ म्हणजे ऑयलरने सिद्ध केलेलं प्रमेय. तिथल्या ‘ड्यू टू’चा अर्थ ‘मुळे’ नसून ‘श्रेय त्याचं’ असा आहे. संशोधन निबंधात रिझल्ट्स म्हणजे मोजमापातून हाती आलेलं, आणि कन्क्लूजन म्हणजे त्यावरून काढलेला निष्कर्ष. मराठी प्रबंधांत दोन्हींना निष्कर्ष लिहिलेलं मी पाहते, तेव्हा वाईट वाटतं, कारण मोजलेलं काय आणि मानलेलं काय ही सीमाच पुसली जाते. काहीच न सापडणं हाही रिझल्ट असतो. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले यांनी अमेरिकेत ईथरमधून, म्हणजे प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं तेव्हा मानत त्या माध्यमातून, पृथ्वीच्या जाण्याचा प्रभाव मोजायचा प्रयत्न केला, आणि अपेक्षित फरक दिसलाच नाही. हा ‘नल रिझल्ट’ भौतिकशास्त्रातल्या सर्वांत मोलाच्या शोधांमध्ये गणला जातो.

सामाजिक संस्थेतल्या मुलींचा प्रश्न वेगळा असतो. देणगीदारांच्या फॉर्ममध्ये आउटपुट, आउटकम आणि रिझल्ट असे तीन रकाने, आणि तिन्हींत त्या एकच उत्तर लिहून येतात. बंधारे किती बांधले हे आउटपुट. उन्हाळ्यात गावच्या विहिरींना पाणी किती टिकलं हे आउटकम. रिझल्ट हा या दोन्हींना, आणि दूरवरच्या बदलालाही, कवेत घेणारा मोठा शब्द. केंद्र सरकारने २००५ मध्ये ‘आउटकम बजेट’ सुरू केलं ते याच विचाराने. नुसता खर्च मोजायचा नाही, त्यातून लोकांच्या पदरात काय पडलं तेही सांगायचं. शाळांमधली ‘अध्ययन निष्पत्ती’ म्हणजे लर्निंग आउटकम. किती धडे संपले हे तिथे विचारत नाहीत, मुलाला काय करता येऊ लागलं हे विचारतात. ‘निष्पत्ती’ शब्द बोजड आहे, पण जागेवर बरोबर बसला आहे. शेअर बाजारातल्या ‘रिझल्ट सीझन’बद्दल फार सांगण्यासारखं नाही. कंपन्यांचे तिमाही हिशेब जाहीर होतात, म्हणून तिथे मराठीतही निकालच लागतो.

राहिला येणारा रिझल्ट, म्हणजे रिपोर्ट. माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी एका संध्याकाळी उशिरा आली, दारातच उभी राहिली. आईच्या बायोप्सीचा कागद फोनवर आला होता आणि तिने वाटेत तो स्वतःच वाचला होता. तिने फोन माझ्यापुढे धरला. बोट एका ओळीवर होतं: ‘रिझल्ट: निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी’. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. निगेटिव्ह म्हणजे वाईट, एवढंच तिला ठाऊक होतं. ऑफिसात ‘निगेटिव्ह फीडबॅक’ मिळतो तसं.

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि तो कागद शब्दाशब्दाने वाचला. चाचणीच्या भाषेत पॉझिटिव्ह म्हणजे जे शोधत होतो ते सापडलं, आणि निगेटिव्ह म्हणजे ते सापडलं नाही. चांगलं-वाईट ठरतं ते काय शोधत होतो त्यावर. मॅलिग्नन्सी म्हणजे कर्करोग, आणि त्या नमुन्यात तो आढळला नव्हता. सोनोग्राफीच्या कागदावर ‘अनरिमार्केबल’ दिसलं तरी तसंच समजावं. नोंद घ्यावी असं तिथे काही नाही, म्हणजे ठीक आहे. ‘इनकन्क्लूझिव्ह’ असेल तर ना होय ना नाही, चाचणी पुन्हा करावी लागू शकते. आणि काहीही लिहिलेलं असो, कागद डॉक्टरांना दाखवायचाच, हे मी तिला दोनदा सांगितलं.

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली, ओठ हलवत. मग तिथूनच घरी फोन लावला. रिझल्ट नाही म्हणाली, निगेटिव्ह नाही म्हणाली. म्हणाली, “आई, काही निघालं नाही गं.”